निःशंक शार्ङ्गदेव आणि कंठध्वनीची परिभाषा

देवगिरी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात यादवांचे वैभव, १२९६ मधील अल्लाउद्दीन खल्जीची स्वारी आणि रामदेवरायाचा पराभव यांची स्मृती जागी होते. हेमाद्री पंडिताचे नाव निघते. महानुभावांचे गद्य आणि ज्ञानेश्वरी यांचे शतक म्हणून त्या काळाकडे आपण कृतज्ञतेने पाहतो. परंतु ज्ञानेश्वरी सिद्ध झाली (१२९०) त्यापूर्वी निदान चार दशके, त्याच देवगिरीच्या छायेत एका राजसेवकाने संस्कृतात एक ग्रंथ रचला आणि पुढील सात शतके हिंदुस्थानच्या उत्तरेत व दक्षिणेत संगीतावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या ग्रंथाची दखल घ्यावी लागली. तो ग्रंथ म्हणजे संगीतरत्नाकर आणि त्याचा कर्ता शार्ङ्गदेव. मराठी भूमीत राहून एवढे अखिल भारतीय कार्य करणाऱ्या या पुरुषाचे नाव संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. सामान्य वाचकाला मात्र ते क्वचितच आठवते.

आम्हा हैदराबादकरांना तर त्याच्याविषयी विशेष जिव्हाळा असावयास हवा. आज देवगिरीचा किल्ला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, दौलताबाद या नावाने उभा आहे. परंतु १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाड्यासह हैदराबाद राज्याचाच भाग होता. येथील मराठी ग्रंथालयांच्या पहिल्या पिढीतील वाचकांना शार्ङ्गदेव हा आपल्याच मुलखातला पूर्वज वाटावा, असाच हा संबंध आहे.

संगीतरत्नाकराचे सर्व विषय एका लेखात सांगणे शक्य नाही. श्रुती, स्वर, राग, ताल यांविषयी त्याने काय सांगितले याची चर्चा विद्वानांनी भरपूर केली आहे. येथे त्याच्या एकाच कार्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. गाणाऱ्याचा आवाज कसा आहे हे सांगण्यासाठी सर्वांना समान अर्थाने वापरता येतील असे शब्द निश्चित करण्याचा त्याने जो प्रयत्न केला, त्यात त्याचे कुळ, त्याचा पेशा आणि त्याचा स्वभाव ही तिन्ही एकत्र आलेली दिसतात.

काश्मीरहून देवगिरीस

शार्ङ्गदेवाच्या जन्माचे वा मृत्यूचे वर्ष इतिहासाला ज्ञात नाही. त्याच्या चरित्राचे मुख्य साधन म्हणजे त्याने स्वतःच ग्रंथारंभी सांगितलेली आपली कुळकथा. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, वृषगण ऋषींच्या वंशातले. त्याचे आजोबा भास्कर हे काश्मीर सोडून दक्षिणेत आले. भास्करांचे पुत्र सोढल यांना यादव राजा भिल्लम याचा आणि त्यानंतर सिंघण याचा आश्रय लाभला. सोढल हे श्रीकरणाधिपती होते. श्रीकरण म्हणजे राज्याचे हिशेब आणि दप्तर सांभाळणारे खाते. याच पदावर पुढे महादेव व रामदेवराय यांच्या काळात हेमाद्री पंडित होता, हे सांगितले म्हणजे त्या पदाचे वजन वाचकांच्या ध्यानात येईल. शार्ङ्गदेवही पित्याच्या मागून त्याच दप्तरात अधिकारपदावर होता, असे अभ्यासक मानतात.

सिंघणाची कारकीर्द सर्वसाधारणपणे १२१० ते १२४७ अशी धरली जाते. रत्नाकराची रचनाही याच काळातली. यादव सत्तेच्या विस्ताराचा आणि विद्येला मिळालेल्या आश्रयाचा तो काळ होता. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून खानदेशातील पाटण येथे १२०७ च्या सुमारास मठ स्थापन झाल्याचे शिलालेखावरून समजते. गणित, ज्योतिष, धर्मशास्त्र, वैद्यक अशा सर्वच विद्यांची व्यवस्थित मांडणी करण्याकडे त्या दरबाराचा कल होता. संगीताची मांडणी शार्ङ्गदेवाच्या वाट्याला आली.

स्वतःविषयी तो संकोच न बाळगता लिहितो. सरस्वती अनेक ठिकाणी हिंडून थकली आणि अखेर आपल्या घरी विसावली, अशा आशयाची कल्पना त्याने केली आहे. आपण धन देऊन ब्राह्मणांची, विद्या देऊन जिज्ञासूंची आणि औषध देऊन रोग्यांची पीडा दूर केली, असेही तो सांगतो. यात कवीची अतिशयोक्ती थोडीफार असेल. परंतु वैद्यकाशी त्याचा असलेला संबंध खरा होता, याला त्याचा ग्रंथच साक्ष आहे. अध्यात्मविवेक नावाचा आपला आणखी एक ग्रंथ असल्याचा उल्लेखही तो करतो. तो आज उपलब्ध नाही. त्याने निःशंक हे नाव धारण केले होते आणि निःशंक वीणा या वाद्याशीही ते नाव जोडले गेले आहे. ज्याच्या मनात संदेह उरला नाही तो निःशंक. जुन्या आचार्यांची परस्परविरोधी मते वाचून त्यांतून एक सुसंगत शास्त्र उभे करणाऱ्याला हे बिरुद शोभणारेच होते.

सात अध्यायांचा रत्नाकर

स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे रत्नाकराचे सात अध्याय आहेत. प्रारंभी त्याने पूर्वाचार्यांची लांबलचक नामावळी दिली आहे. भरत, मतंग, अभिनवगुप्त यांच्यासारख्यांची मते तो जाणतो. मात्र केवळ जुने तेच सांगून तो थांबत नाही. शास्त्रात सांगितलेला मार्ग आणि प्रदेशोप्रदेशी लोक प्रत्यक्षात गातात ते देशी, या दोहोंना त्याने ग्रंथात जागा दिली. प्रबंधांच्या अध्यायात देशभाषेतील ओवीचाही समावेश आहे. कांडण करताना स्त्रिया ओव्या गातात हे कल्याणीच्या सोमेश्वराने बाराव्या शतकातच नोंदविले होते. ती ओवी शास्त्रग्रंथाच्या पंक्तीस बसली याचा मराठी वाचकाला आनंद वाटणे स्वाभाविक आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिसरा, प्रकीर्णक अध्याय. इतर अध्यायांत न सामावणाऱ्या संकीर्ण गोष्टी येथे आल्या आहेत, असे नावावरून वाटते. वास्तविक गाण्याच्या व्यवहाराला लागणारे सारे ज्ञान याच अध्यायात आहे. पदाची आणि चालीची रचना करणारा वाग्गेयकार कसा असावा, गायक कसा असावा, गायकाचे दोष कोणते, आवाजाचे प्रकार किती, त्याचे गुण आणि दोष कोणते, गमक आणि स्थाय म्हणजे काय, गायकवादकांचा समूह कसा जमवावा, असे प्रश्न येथे एकामागून एक येतात.

अडचण कोठे होती

स्वर आणि ताल यांची गोष्ट सोपी नसली तरी मोजता येण्यासारखी आहे. षड्ज कोठे आणि पंचम कोठे, हे वीणेवर तार लावून दाखविता येते. शार्ङ्गदेवाने बावीस श्रुती दाखविण्यासाठी बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. एक अचल ठेवावयाची आणि दुसरी क्रमाक्रमाने उतरवीत न्यावयाची, म्हणजे वादाला जागा राहत नाही. तालाच्या मात्रा बोटांवर मोजता येतात. परंतु दोन गायक एकच स्वर, एकाच उंचीवर, तितक्याच जोराने लावतात तेव्हाही त्या दोन आवाजांत जो भेद कानाला जाणवतो, तो कोणत्या मापाने मोजावा? तो दाखविण्यास वीणा नाही. तेथे शब्दांवाचून गत्यंतर नाही आणि शब्द तर प्रत्येकाचे निराळे. एकाला जो आवाज भरदार वाटतो तोच दुसऱ्याला जाड वाटतो. एकाला जो नाजूक तो दुसऱ्याला किरटा.

हा अनुभव आजच्या मैफलीतल्या श्रोत्यालाही नवा नाही. पल्लेदार, घुमारदार, टोकदार, कसदार, लोचदार, मोकळा, घोगरा, चिरका, फुटका, बसका असे कितीतरी शब्द आपण वापरतो. त्यांतील प्रत्येकाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मनात स्पष्ट असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो तसाच उमटला असेल याची मात्र खात्री नसते. श्रोत्यांच्या गप्पांत याने फारसे बिघडत नाही. परंतु गुरूने शिष्याला आवाज बदलावयास सांगितला आणि तो नेमका कसा हवा हे शिष्याला उमगले नाही, तर त्याच्या गळ्याची वर्षे वाया जातात. हिशेबाच्या दप्तरात एका शब्दाचा एकच अर्थ असावा लागतो. त्या दप्तरात वाढलेल्या शार्ङ्गदेवाला ही अडचण अधिक तीव्रतेने जाणवली असल्यास नवल नाही.

त्याच्या पूर्वी याचा विचारच झाला नव्हता असे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात कंठाचे सहा गुण सांगितले आहेत : श्रावक, घन, स्निग्ध, मधुर, अवधानवान आणि त्रिस्थानशोभी. दोष पाच आहेत. नारदीय शिक्षेतही गानाचे गुण आले आहेत. परंतु या याद्यांत आवाज, उच्चार, गायकाचे लक्ष आणि गाण्याची शोभा ही सारी एकत्र मिसळलेली आहेत. शार्ङ्गदेवाने ही सरमिसळ वेगळी केली. त्याने गायकाचे दोष एका यादीत घातले, आवाजाचे दुसऱ्या यादीत आणि उपजत शक्तीला तिसरे स्थान दिले. हे वर्गीकरण हीच त्याची खरी देणगी होय.

वैद्याची दृष्टी

संगीताच्या ग्रंथाचा आरंभ देहाच्या वर्णनाने व्हावा, हे आज कोणालाही चमत्कारिक वाटेल. रत्नाकराच्या पहिल्या अध्यायात गर्भाची उत्पत्ती आणि वाढ, शरीराची रचना, त्यातील चक्रे यांचे सविस्तर वर्णन आहे. यामागची भूमिका सरळ आहे. नाद देहातून उत्पन्न होतो, म्हणून प्रथम देह समजून घ्यावयाचा. आत्म्याला बोलण्याची इच्छा होते, तो मनाला प्रेरणा देतो, मन देहातल्या अग्नीला चाळवते, अग्नी वायूला हलवितो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मूर्धा आणि मुख या स्थानांतून वर येत नादरूपाने प्रकट होतो, अशी त्याची उपपत्ती आहे. हृदयातला नाद मंद्र, कंठातला मध्य आणि मूर्ध्न्यातला तार. प्रत्येक पुढचा मागच्याच्या दुप्पट. आजच्या शरीरशास्त्राला ही उपपत्ती जशीच्या तशी मान्य होणार नाही. परंतु खर्जाचा स्वर छातीत घुमतो आणि तारसप्तकाचा मस्तकात, हा गायकांचा अनुभव आजही तोच आहे.

हीच वैद्यदृष्टी त्याने आवाजाच्या जातींना लावली. आवाजाचे मुख्य प्रकार चार : खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक. खाहुल हा कफापासून झालेला, स्निग्ध, मधुर आणि सुकुमार. नाराट पित्तापासून झालेला, घन, गंभीर आणि मंद्र, मध्य, तार या तिन्ही स्थानांत पोहोचणारा. बोंबक वातापासून झालेला, आतून पोकळ, कठोर, उंच आणि स्थूल. मिश्रक हा या दोषांच्या मिश्रणातून उत्पन्न होणारा. खाहुल, बोंबक ही नावे रूपावरून संस्कृत वाटत नाहीत. गाण्याच्या व्यवहारात रुळलेले देशी शब्दच त्याने शास्त्रात घेतले असावेत. तसे असल्यास गवयांच्या तोंडच्या बोलीला त्याने वैद्यकाचा आधार दिला आणि दरबारातील पंडिताला व तालमीतल्या गवयाला एकाच शब्दाने बोलता येईल अशी सोय केली, असे म्हणावे लागेल.

मिश्रकाच्या विवेचनात त्याची बुद्धी विशेष प्रकट होते. बोंबक रूक्ष आणि खाहुल स्निग्ध. मग परस्परविरुद्ध गुणांचे हे दोन आवाज एकत्र कसे येतील, अशी शंका तो स्वतःच उपस्थित करतो आणि जे गुण एकमेकांच्या विरोधी नाहीत त्यांचेच मिश्रण होते, असे तिचे समाधान करतो. स्थूलपणा आणि माधुर्य एकत्र नांदू शकतात, रूक्षता आणि स्निग्धता नांदू शकत नाहीत. या रीतीने मिश्र आवाजांचे भेद तो तीसपर्यंत मोजतो. त्यांतही तिन्ही जातींचे गुण एकत्र आलेला, पण पोकळपणा आणि रूक्षता यांपासून मुक्त असलेला आवाज त्याने सर्वोत्तम ठरविला आहे. शुद्ध एकाच जातीचा आवाज श्रेष्ठ, असे त्याने म्हटलेले नाही. प्रत्यक्षात भेटणारे आवाज बहुधा संमिश्रच असतात, हे कानाने अनुभवलेले सत्य त्याने शास्त्राच्या सोयीसाठी दडपले नाही.

पंधरा गुण, आठ दोष

यानंतर येते ती आवाजाच्या गुणांची यादी. मृष्ट, मधुर, चेहाल, त्रिस्थान, सुखावह, प्रचुर, कोमल, गाढ, श्रावक, करुण, घन, स्निग्ध, श्लक्ष्ण, रक्तिमान आणि छविमान असे हे पंधरा गुण. वरवर पाहता ही विशेषणांची नुसती माळ वाटेल. परंतु प्रत्येकाला त्याने लक्षण दिले आहे आणि त्या लक्षणांतच सारे मर्म आहे.

मधुर म्हणजे गोड, एवढ्यावर तो समाधान मानत नाही. तिन्ही स्थानांत जो विस्कटत नाही तो मधुर. त्रिस्थान म्हणजे नुसता तिन्ही सप्तकांत पोहोचणारा नव्हे, तिन्ही ठिकाणी ज्याची कांती आणि रंजकता सारखीच राहते तो. श्लक्ष्ण आवाज तेलाच्या धारेसारखा अखंड असतो. कोमल कोकिळेच्या ध्वनीसारखा. छविमान म्हणजे निर्मळ कंठामुळे जो उजळ भासतो तो. चेहाल हा फार जाड नाही आणि फार बारीकही नाही असा स्निग्ध, घन आवाज. तो पुरुषांमध्ये कंठ फुटेपर्यंतच असतो आणि स्त्रियांमध्ये मात्र सदैव टिकतो, असे त्याने नमूद केले आहे. पौगंडावस्थेत मुलाचा आवाज बदलतो ही गोष्ट कोणाही पालकाला ठाऊक असते. पण आवाजाच्या गुणाची व्याख्या करताना तिची नोंद घेणे हे निरीक्षकाचे काम आहे.

दूरवर ऐकू येण्याच्या एकाच गुणाला त्याने तीन शब्द योजले आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. केवळ लांबून ऐकू येतो तो श्रावक. लांबून ऐकू येतो आणि ज्याच्या आत सार आहे, भरीवपणा आहे, तो घन. लांबून ऐकू येतो आणि तरीही रूक्ष होत नाही तो स्निग्ध. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात, मोठ्या सभामंडपात वा राजसभेत गाणाऱ्याला आवाज लांब पोहोचविणे अपरिहार्यच होते. परंतु पोहोचणे म्हणजे ओरडणे नव्हे आणि पोहोचणाऱ्या आवाजांतही प्रती आहेत, हे या तीन शब्दांनी त्याने कायमचे सांगून ठेवले.

दोष आठ आहेत : रूक्ष, स्फुटित, निःसार, काकोली, केटी, केणी, कृश आणि भग्न. निःसार आवाज एरंडाच्या पोकळ दांड्यासारखा. काकोली कावळ्यांच्या थव्याच्या कलकलाटासारखा कर्कश. भग्न हा गाढव किंवा उंट यांच्या ओरडण्यासारखा नीरस. ही उपमाने कोणत्याही खेडुताला कळावीत अशी आहेत. एरंडाची दांडी ज्याने मोडून पाहिली आहे त्याला निःसार शब्दाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. परिभाषा सर्वांची व्हावयाची तर ती सर्वांच्या अनुभवातल्या वस्तूंवर उभी राहिली पाहिजे, हे तत्त्व त्याने कोठे सांगितलेले नसले तरी पाळलेले मात्र आहे.

केटी आणि केणी ही जोडी तर विशेष मार्मिक आहे. केटी आवाज तिन्ही सप्तकांत फिरतो, पण त्यात गुण नसतो. केणी आवाज मंद्रात आणि तारात पोहोचतो, पण कष्टाने. आज आपण दोघांनाही आवाज चांगला नाही असे एकाच वाक्यात म्हणून मोकळे होतो. शार्ङ्गदेवाच्या शिस्तीत ही दोन निदाने भिन्न आहेत. वैद्य ताप आहे एवढे सांगून थांबत नाही, कोणता ताप ते पाहतो. कष्टाने पोहोचणारा गळा योग्य रियाजाने मोकळा होण्याची आशा असते. सर्वत्र पोहोचूनही निर्गुण राहणाऱ्या गळ्याचा विचार निराळ्याच अंगाने करावा लागतो. ज्या मुलाला आवाज नाही असे सांगून गाण्याच्या वर्गातून परत पाठविले जाते, त्याच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दांचा नसतो.

गायकाचे दोष वेगळे

आवाजाच्या दोषांपासून गायकाचे दोष त्याने काटेकोरपणे निराळे ठेवले आहेत. हे दोष पंचवीस. त्यांची यादी वाचताना सातशे वर्षांपूर्वीची मैफल डोळ्यांसमोर उभी राहते. दात आवळून गाणारा संदष्ट. सू सू असा आवाज करणारा सूत्कारी. भयाने गाणारा भीत. तोंड भेसूर पसरणारा कराली. उंटासारखी मान उंचावणारा करभ. कपाळाच्या आणि मानेच्या शिरा फुगविणारा झोंबक. भोपळ्यासारखे गाल फुगविणारा तुंबकी. मान वाकडी करणारा वक्री. डोळे मिटून गाणारा निमीलक. नाकात गाणारा सानुनासिक. ताल चुकणारा, राग मिसळणारा, अक्षरे अस्पष्ट उच्चारणारा, बेसावध राहणारा असे इतरही त्यात आहेत. गायकवर्ग बदलला, गायकी बदलली, पण या पंचविसांपैकी निम्मे तरी दोष आजच्या कोणत्याही संगीतसभेत सापडतील.

या विभागणीचा हेतू स्पष्ट आहे. गाल फुगविणे ही सवय आहे, ती मोडता येते. आवाज कृश असणे ही सवय नव्हे. दोन्हींना एकाच नावाने हाक मारली तर उपाय चुकतो.

याच्याही पलीकडे त्याने शारीर नावाची तिसरी गोष्ट मानली आहे. अभ्यास नसतानाही राग प्रकट करण्याची जी शक्ती एखाद्या आवाजात असते, ती शारीर. शरीराबरोबरच जन्मते म्हणून तिचे हे नाव. न शिकलेले एखादे मूल स्वर लावते आणि ऐकणारे स्तब्ध होतात, त्याचे हे वर्णन आहे. असे उत्तम शारीर विद्यादान, तप, शिवभक्ती आणि थोर भाग्य यांनी लाभते, असे तो सांगतो. कारण सापडत नाही तेथे त्याने दैवाचा आधार घेतला असे कोणी म्हणेल. परंतु तप आणि भक्ती यांच्याही आधी त्याने विद्यादानाचे नाव घेतले, हे विद्येची भांडारे चालविणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रत्येक गळ्याचे वेगळेपण

इतक्या बारीक वर्गवारीनंतर एखाद्या ग्रंथकाराला वाटले असते की सर्व आवाज आपल्या कोष्टकात बसले. शार्ङ्गदेवाला तसे वाटले नाही. स्थायांच्या, म्हणजे रागाच्या अवयवांच्या, शहाण्णव प्रकारांचा विचार करताना त्याने काकू म्हणजे ध्वनीची विशिष्ट छाया, हिचे सहा प्रकार सांगितले. त्यांत स्वराची, रागाची, देशाची, वाद्याची अशा छाया आहेत आणि एक आहे क्षेत्रकाकू. क्षेत्र म्हणजे देह. ज्या देहातून राग प्रकट होतो त्या देहाची छाया त्या रागावर पडते. एकच राग दोन गायकांच्या मुखातून निराळा भासतो, तो या कारणाने. वर्गीकरण करणाऱ्यानेच वर्गीकरणाच्या पलीकडे उरणाऱ्या व्यक्तित्वाला नाव देऊन ठेवले, ही त्याच्या प्रज्ञेची खूण होय.

या शब्दांचा प्रत्यक्ष उपयोग कोठे होता हेही प्रकीर्णकातच दिसते. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत, असे तो सांगतो. वृंदाच्या गुणांत मुख्य गायकाला अनुसरणे, एकमेकांत मिसळणे, एकाचे तुटले तर दुसऱ्याने सावरून घेणे यांच्याबरोबरच आवाजांचे सादृश्य हाही गुण त्याने मोजला आहे. चोवीस कंठ निवडून एकत्र आणावयाचे तर निवडणाऱ्यांना आवाजाविषयी एकमेकांशी नेमके बोलता आले पाहिजे. त्या काळच्या राजसभेत ही गरज केवळ तात्त्विक नव्हती.

नंतरची सात शतके

१३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. ग्रंथ मात्र राजधानीबरोबर लयाला गेला नाही. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने त्यावर टीका लिहिली. पंधराव्या शतकात विजयनगरच्या आश्रयाला असलेल्या कल्लिनाथाने दुसरी प्रसिद्ध टीका लिहिली. गुजरातेत १३७४-७५ मध्ये रचल्या गेलेल्या गुन्यतुल-मुन्या या फार्सी ग्रंथानेही रत्नाकराचा आधार घेतला. ज्या शतकात देवगिरीचे दौलताबाद झाले त्याच शतकात देवगिरीची विद्या फार्सीत गेली, ही इतिहासातली समाधानाची गोष्ट आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादिलेला रत्नाकर कल्लिनाथाच्या टीकेसह १८९६-९७ मध्ये छापला आणि तो महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या हाती आला. पुढे ग. ह. तारळेकर यांनी त्याचा मराठी अनुवाद केला.

परंतु येथे एक खेदाची बाब नोंदविणे भाग आहे. शब्द टिकले, आवाज टिकले नाहीत. खाहुल आवाजाचे लक्षण आपण वाचू शकतो, पण शार्ङ्गदेवाने कोणता गळा ऐकून ते लिहिले हे ऐकण्याचा मार्ग नाही. रत्नाकरातील रागांचा आजच्या रागांशी मेळ घालताना पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्यासारख्यांना जी अडचण आली, तीच येथेही आहे. गवयांच्या व्यवहारातून खाहुल, नाराट, चेहाल हे शब्द नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी नवे शब्द आले. तंबोऱ्याच्या घोडीवरून आलेला जवारी हा शब्द आज आपण गळ्यालाही लावतो. विसाव्या शतकात प्रा. बी. आर. देवधर (१९०१-१९९०) आणि डॉ. अशोक दा. रानडे (१९३७-२०११) यांनी आवाजाच्या साधनेचा शास्त्रशुद्ध विचार महाराष्ट्रात पुन्हा सुरू केला, तेव्हा नेमक्या शब्दांची गरज पुन्हा जाणवली.

आज शार्ङ्गदेवाला जे उपलब्ध नव्हते ते आपल्याजवळ आहे. गेल्या शंभराहून अधिक वर्षांतील गायकांचे आवाज ध्वनिमुद्रित आहेत. घन कोणता, श्लक्ष्ण कोणता, केणी कोणता हे एकत्र बसून, प्रत्यक्ष ऐकून ठरविता येईल आणि एकदा ठरले की शब्दाला त्याचा आवाज कायमचा जोडून ठेवता येईल. संगीताच्या वर्गांनी आणि ग्रंथालयांनी मिळून असे श्रवणाचे काम हाती घेतले, तर जुने पंधरा आणि आठ शब्द उजळतील. मराठीत आज वापरात असलेले पल्लेदार, कसदार, लोचदार हे शब्दही अधिक नेमके होतील. देवगिरीच्या दप्तरातील एका अधिकाऱ्याने नोंदी करून ठेवल्या आहेत. त्या नोंदींपुढचा रिकामा रकाना भरणे आपल्या पिढीला शक्य आहे.